वाघदेवाची बाटली

६ मार्च १९५४, शनिवार
कमळा परवा माहेरी गेली, मूल गावाला. ट्रंक घेऊन. चार दिवसांसाठी ट्रंक कशाला, असं विचारलं. तिने ट्रंकेला कुलूप लावलं. सासरे मुखरूजी गाडीतूनच म्हणाले, "रामाजीच्या सभेत जा, जवाईबापू. मंग पोरगी धाडतो." रामाजी आमच्या गावचा ढिवर, तळ्यात मासे मारतो. स्वतः दारू सोडली आणि आता दर शनिवारी पिणाऱ्यांना जमवून बसतो. मी पिणाऱ्यांत मोडत नाही. मी फॉरेस्ट डेपोचा क्लार्क. थकवा आला की घेतो. डेपोत थकवा रोज येतो, त्याला इलाज नाही. तरी आज जाईन. ऑब्झर्व्हर म्हणून.

७ मार्च
सभा सापडली नाही. दारूच्या कलालीत पत्ता विचारला. नुसता पत्ता विचारून उठणं बरं दिसत नाही. कलालीवाला बाबुलाल म्हणाला, "सभा तं माह्याच मागं भरते बाबू, तळ्याच्या पाळीवर. माह्येच गिऱ्हाईक नेते थो." पत्ता पक्का झाला. प्रगती आहे.

१३ मार्च, शनिवार
गेलो. तळ्याच्या बांधावर रामाजीचा डोंगा, त्याची मासेमारीची होडी, पालथा; त्याभोवती सातआठ जण. जातपंचायतीत उभं राहून कबूल करतात तसं एकेकाने उठून बोलायचं. इस्तारी गाडीवान उठला. "मी इस्तारी. मी पेतो. काल बैलांनी मले घरी आणलं." सगळे हसले, तोही हसला. रुखमाबाई पूर्वी मोहाची दारू गाळायची. म्हणाली, "गाळत होती तवा चाखत होती. आता दोनी बंद. नाक मातर आयकत नाई." माझी पाळी आली. "मी गुणवंतराव, क्लार्क, फॉरेस्ट डेपो." रामाजीने हाताने जागा दाखवली. मग म्हणाला, "बसा भाऊ." थोडक्यात पण मुद्देसूद बोललो, असं वाटतं.

२० मार्च, शनिवार
झाडांखाली मोह पडायला लागला. सगळ्या गावाला वास. यात माझा काही दोष नाही.
सभेत ठरलं, पुढच्या शनिवारी जंगलाच्या शिवेवर वाघदेवासमोर शपथ. तिथली रीत अशी की गोंड पुजारी पोचू मोहाची दारू आगीत टाकतो. भडका उठला की देवाने ऐकलं. भडका नाही तर शपथ नाही. इस्तारीने विचारलं, "सोडाची शपथ आन् देवाले पाजाची?" रामाजी म्हणाला, "देवानं कुठी सोडली?"
बाटली कोणी आणायची? सगळे खाली बघायला लागले. स्वतःवर भरवसा नसलेली माणसं. मी उठलो. रामाजी म्हणाला, "झेपन का भाऊ?" त्याची कीव आली.
मुखरूजींचा निरोप आहे. शनिवारी कमळाला घेऊन तिथेच येतात, ट्रंकेसकट. भडका उठला तर ती तिथूनच घरी.

२५ मार्च
बाबुलालकडून बाटली आणली. पहिल्या धारेची, सगळ्यात कडक. समोरच फळीवर ठेवली. लपवायची गरज ज्यांना विल-पॉवर नाही त्यांना. घर झाडलं. कमळाचा कुंकवाचा करंडा पुसून कोनाड्यात ठेवला.

२६ मार्च, सकाळ
बाबुलाल भेसळ करतो, असं ऐकलं आहे. देवाचं काम. सॅम्पल घेतलं. माल अस्सल.

दुपार
एका सॅम्पलवर विसंबता येत नाही. डेपोतही आपण लाकूड दोन्ही टोकांनी तपासतो.

संध्याकाळ
बाटली भरलेली आहे. आमच्या विहिरीचं पाणी स्वच्छ आहे. देव चव बघत असेल, असं वाटत नाही.

२७ मार्च, शनिवार
सगळे आले. कमळा हिरव्या लुगड्यात. ट्रंक गाडीत. पोचूने बाटलीतलं द्रोणात ओतलं, आगीवर टाकलं. चुर्र झालं. धूर. परत टाकलं. आग विझली.
लाकूड ओलं असावं. लाकडातलं मला कळतं.
पोचूने द्रोण हुंगला, रुखमाबाईकडे दिला. तिने हुंगला. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "हिरीचं पाणी हाये." पोचूने द्रोण उपडा केला. कमळा बापाला म्हणाली, "गाडी फिरवा, बाबा." रागाने नाही. ट्रंक उतरलीच नाही.

२८ मार्च
डेपो. लाकूड मोजलं. चहा. विशेष काही नाही.

३ एप्रिल, शनिवार
सभेला गेलो तो राजीनामा द्यायला. मनात भाषण तयार होतं. ऑब्झर्व्हरचं काम संपलं, इत्यादी. रामाजी म्हणाला, "पुढच्या खेपेले बाटली पोचूच आणन." एवढंच. पाळी आली. उठलो. "मी गुणवंतराव." पुढे क्लार्क म्हणायचं होतं. आलं नाही. दुसरंही काही आलं नाही. रामाजी "बसा भाऊ" म्हणाला नाही. इस्तारी डोंग्यावर थोडा सरकला, तेव्हा बसलो.
परत येताना त्याच्या गाडीत. वाट कलालीवरूनच आहे. बैल सवयीने तिथे उभे राहिले. बाबुलालने हात केला. इस्तारी बैलांकडे बघून म्हणाला, "यायलेई सभेत आणा लागते." कोणी उतरलं नाही. बैलही हलले नाहीत. शेवटी इस्तारी खाली उतरला आणि कासरा धरून बैलांच्या पुढे चालायला लागला. मी दोन्ही हातांनी गाडीचा दांडा धरून बसलो होतो.
करंडा कोनाड्यात आहे. राहू दे.