निळा चिमटा

आधी किल्लीचं बोल. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तू मुलाकडे गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले, आणि लोखंडी कपाटाची किल्ली खिळ्यावर नाही. तिच्या जागी लटकतोय तुझा निळा चिमटा. घरचा नियम तुला पाठ आहे (मीच केला, तुझ्याच वेंधळेपणापायी). किल्ली नेणाऱ्याने तिच्या जागी आपला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा, किल्ली परत आणली की चिमटा काढायचा. माझा लाल, नातीचा पिवळा, तुझा निळा. आता मी काय समजायचं?

चि. सौ. धाकट्या जाऊबाईस थोरलीचे आशीर्वाद. डोळ्याची पट्टी सुटली का? थेंब वेळच्या वेळी घाल. सून घालते म्हणाली तर घालू दे, पण बाटलीवरचं नाव आधी तिच्याकडून दोनदा वाचून घे. माझे गुडघे होते तसेच आहेत, विचारू नकोस.

तर, त्या कपाटात नातीची अस्सल प्रमाणपत्रं आहेत. येत्या पंधरा तारखेला ती ऑफिसात दाखवली नाहीत तर पोरीची नोकरी कायम होत नाही. सहा महिने घरी बसून मान मोडून काम केलंय तिने. काय काम, ते मला परवापर्यंत कळलं नव्हतं. मला वेगळाच संशय होता. दिवसभर पडद्यापुढे बसून कुणा परक्या माणसाचं लिहिलेलं वाचते आणि खाली "छान आहे" लिहून धाडते. दिवसातून दहादा! (त्या माणसाला आम्ही धांदल्या म्हणतो.) शेवटी विचारलंच, याचं एवढं कौतुक कशाला, कोण लागतो आपला? तर हसायला लागली. म्हणे, "आजी, तो प्रोग्राममध्ये बदल करतो, मी तपासते. चूक असली तर परत पाठवते." म्हटलं, मग माझ्यासमोर तपास. मी चौथीपर्यंत शिकले असले तरी माणूस कुठे लपवतोय ते मला कळतं.

तिची कंपनी डीबगर बनवते, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन. प्रोग्राम इतका पळतो की त्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही. म्हणून हव्या त्या ओळीवर लाल ठिपका ठेवायचा. त्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. तिथे पोचला की गडी जागच्या जागी उभा, मग त्याचे खिसे तपासा. (तुझ्या मोठ्या जावयासाठी लग्नाआधी हे मिळायला हवं होतं.) पण तो थांबतो कसा? तर त्या जागेवरची खरी आज्ञा उचलून बाजूला ठेवतात आणि तिथे 'थांब' अशी खूण लावतात. ठिपका काढला की खरी आज्ञा परत जागेवर. म्हणजे आपला चिमटाच की गं!

धांदल्याने नेमका त्यातच बदल करून पाठवला होता, आणि वर लिहिलं होतं, किरकोळ साफसफाई. मागच्या भाडेकरणीने जाताना साफसफाई केली तेव्हा आपली मोठी कढई गेली, विसरलीस? मी नातीला म्हटलं, त्याने घातलंय काय ते राहू दे, काढलंय काय ते वाच. चार ओळी काढल्या होत्या. त्या जागी आधीच कुणाची खूण आहे का, ते बघणाऱ्या! म्हटलं, समज मी किल्ली नेली, लाल चिमटा लावला. मागून कुणी न बघता आलं, माझ्या चिमट्यालाच किल्ली समजून घेऊन गेलं, आपला लावून गेलं. मी किल्ली आणून ठेवली. मग ते माणूस परत येणार, किल्ली ढकलून देणार आणि जे नेलं तेच ठेवलं म्हणून माझा चिमटा लटकवून जाणार. मग? पोरीच्या हातातला चहा तसाच राहिला. तिने एकाच जागी दोन ठिपके लावले, आधी पहिला काढला, मग दुसरा. ठिपका एकही उरला नाही, आणि प्रोग्राम तिथेच उभा. हलायला तयार नाही.

बदल परत गेला. धांदल्याचा लगेच फोन. "अहो, एकाच जागी दोनदा कोण लावतं?" मी मागून ओरडले, "माझी जाऊ!" संध्याकाळपर्यंत चारही ओळी जागेवर आल्या, आणि कंपनीतल्या वरच्या बाईंनी नातीला शाबासकी लिहिली. आता अडलंय ते फक्त कपाटाशी. पिशव्या उलट्या कर आणि किल्ली धाड.

तुझी थोरली

ता. क. पाकीट चिकटवताना थंडी वाजली म्हणून स्वेटर घातला, तर खिशात किल्ली निघाली. तू निघालीस त्या सकाळी तुला द्यायची शाल काढायला मीच नेली होती. मग तू जाता जाता माझ्या चहाला नावं ठेवलीस, म्हणून शाल काढलीच नाही. पण लाल चिमटा मी नियमाने लावला होता. तू डोळ्यात औषध घालून चाचपडत आलीस, हाताला लागलं ते किल्ली समजून पिशवीत टाकलंस, निळा लावलास आणि गाडीचा भोंगा ऐकून पळालीस. बघ पिशवीत, लाल चिमटा असेल. म्हणजे चूक तुझीच.

आणखी एक. नऊ दिवस मी नातीपुढे तुझा उद्धार केलाय, आता हे तिला कळता कामा नये. किल्ली तुझ्याकडेच होती आणि येणाऱ्या माणसाबरोबर पाठवली, एवढं लिही. शाल मी धाडते. मुलाला फोन करायला लावू नकोस, त्याला खोटं पेलत नाही. आणि पत्रात खाडाखोड करू नकोस, नात हल्ली काय काढलंय तेच आधी वाचते. उत्तर तूच लिहायचं, दुसऱ्या कुणी नाही.