हार्डडिस्कला लागलेली सवय

३ तारीख
आजपासून कामाला सुरुवात. शाळा मध्येच सुटलेल्या मुलींना गणित शिकवणाऱ्या संस्थेत जागा आहे. नमुन्याचा एक धडा कॉम्प्युटरवर करून पंचवीस तारखेपर्यंत पाठवायचा. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. मी नाही तर कोण? बाबांनी शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलंय, पोरगी नोकरीला लागली. पण कॉम्प्युटर इतका स्लो, की फाइल उघडेपर्यंत पत्त्यांचा एक डाव होतो. आई म्हणाली, तोवर कागदावर लिही की. तिला कसं समजवायचं!

६ तारीख
धडा नाही, पण कॉम्प्युटरला नवी डिस्क कोणती घ्यावी याचा अभ्यास भरपूर. एसएसडीत फिरणारं काही नसतं, सगळंच झटपट उघडतं; मात्र त्याच पैशात जागा कमी. हायब्रिड म्हणजे मोठी जुन्या पद्धतीची हार्डडिस्क, जोडीला थोडी वेगवान मेमरी. आपण रोज काय उघडतो ते ती शिकते आणि तेवढंच पटकन देते. मला शंभर धड्यांना जागा हवी. हायब्रिडच! तुलनेचा तक्ता रंगीत केला. सुंदर झालाय.

११ तारीख
बाबांनी नवं शिलाई मशीन घेणं पुढे ढकललं, हायब्रिड आली. जेवताना सगळ्यांना नीट समजावलं. आत्या म्हणाली, न सांगता शिकते? मग आमच्या सुनेपेक्षा बरी.

१७ तारीख
डिस्कला शिकायला वेळ द्यायला हवा. घाई नको. दरम्यान डोकं ताजं राहावं म्हणून कॉम्प्युटरवर पत्ते. दोनच डाव. जेवणानंतर आणखी दोन. उद्यापासून पहाटे उठणार.

१८ तारीख
उठले नाही. थंडी होती.

२४ तारीख
बाबा दुकान लवकर बंद करून आत्याला घेऊन आले. लेकीचा धडा बघायचा म्हणे. आत्याला कौतुकाने सांगत होते, ही रोज जे उघडते ना, ते चुटकीसरशी समोर येतं. मी धडा क्लिक केला. चक्र फिरत राहिलं. बाबा उभेच. आत्याने हे काय गं म्हणत शेजारच्या चित्रावर माउस दाबला, आणि पापणी लवायच्या आत पत्ते मांडून तयार! मग मागून धडा उघडला. त्यात फक्त शीर्षक होतं.
बाबा एवढंच म्हणाले, दमली असशील. आणि परत दुकानात गेले.

२५ तारीख
चूक लक्षात आली. एसएसडीच घ्यायला हवी होती. तिच्यात सगळंच सारखं लवकर उघडतं. आपण रोज काय उघडतो ते कुणाला कळत नाही.