मुहूर्त घेतला, नवरी राहिली

प्रति,
मा. आयुक्त साहेब,
घोड-भीमा ऑनलाइन बेसबॉल लीग (संघ बारा, मैदान नाही),
द्वारा : लग्नपत्रिका, फ्लेक्स व झेरॉक्सचे दुकान,
शिरूर, जि. पुणे.

अर्जदार : विश्वजीत बबन फराटे, वय ३१, धंदा नोकरी (क्वालिटी विभाग), रा. सणसवाडी, ता. शिरूर. संघमालक, सणसवाडी संघ (यंदा बारांत अकरावा).

विषय : सौ. सुलक्षणा (फर्स्ट बेस) यांची राहू संघाकडून सणसवाडी संघाकडे अदलाबदल पाडव्यापूर्वी मंजूर होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची लग्नपत्रिका, आपल्याच दुकानात छापलेली. २) अर्जदाराचा दि. २ सप्टेंबरचा अर्ज व त्यावरील आपले "बघू". ३) दि. १९ सप्टेंबरचे स्मरणपत्र व त्यावरील आपला अंगठा (व्हॉट्सॲपचा).

महोदय अनिसभाई,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की,

१. आपली लीग संगणकात चालते. खेळाडू खोटे, मैदान खोटे, सामने संगणक आपला आपण खेळतो आणि सकाळी निकाल देतो. खरी असतात ती फक्त भांडणे. कंपनीत मशीन बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरने कँटीनमध्ये हा नाद लावला आणि स्वतः मायदेशी निघून गेला. बारा संघमालकांपैकी अकरा जणांनी बेसबॉलची बॅट आजवर फक्त चारचाकीच्या सीटखाली पाहिली आहे, व बाराव्याने ती पाठीवर अनुभवली आहे. अशा तज्ज्ञ मंडळींवर आपण आयुक्त झालात, हे योग्यच झाले. दहावीत अर्जदाराशेजारी एका बाकावर बसत असतानाही मॉनिटर आपणच होता, आणि तेव्हाही तक्रार नेली की "बघू" असेच म्हणत होता.

२. हंगामाआधी तीनशे नवे खेळाडू तयार करायचे व संघमालकांनी ते पाळीपाळीने वाटून घ्यायचे, यास ड्राफ्ट म्हणतात. रोज सकाळी आठला एक फेरी, अशा पंचवीस फेऱ्या. आता तीनशे खेळाडूंना तीनशे नावे लागतात. दुसऱ्या कुणी डोके खाजवले असते. आपण दुकानाच्या संगणकात हात घातला आणि अर्जदाराची लग्नपत्रिका बाहेर काढली! आपल्या भागात पत्रिका म्हणजे अर्धी ग्रामसभा, हे अर्जदारास मान्य आहे. स्वागतोत्सुक, संयोजक, व्यवस्थापक व समस्त भावकी धरून दोनशे ब्याण्णव नावे भरली. आठ कमी पडली, तेव्हा आपण उरलेला मजकूरही तसाच आत लोटला. त्यामुळे ‘श्री गणेश प्रसन्न’ अर्जदाराच्या संघात डाव्या बाजूला क्षेत्ररक्षण करू लागले, ‘आग्रहाची विनंती’ दौंड संघात गेली, आणि ‘भोजन सायंकाळी पाच ते नऊ’ हा केडगाव संघाचा कॅचर (आपल्याकडचा यष्टिरक्षक) झाला. तो खरोखर पाच ते नऊसारखाच खेळतो, नंतर सापडत नाही.

३. पहिल्या फेरीत अर्जदाराची पाळी आली तेव्हा यादीत सर्वांत वर होता ‘गोरज मुहूर्त’. वय एकोणीस, डावखुरा पिचर, चेंडूचा वेग ताशी एकशे अठ्ठावन्न किलोमीटर, पाचपैकी पाच तारे. अर्जदाराने डोळे झाकून घेतला. चौथ्याच सामन्यात मुहूर्ताचा कोपर निखळला. चौदा महिने विश्रांती. आपण ग्रुपवर "मुहूर्त टळला" असे लिहून पुढे सात हसरे चेहरे टाकलेत. ते अर्जदाराने मोजलेले आहेत.

४. दुसऱ्या फेरीत अर्जदाराने मामा श्री. पोपटराव, रा. केडगाव, यांना घेतले. कारण खेळ नव्हे, भीती. पत्रिकेत नाव आठवे छापले म्हणून मामा लग्नात मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसले होते, आणि त्यांची समजूत काढता काढता खरा गोरज मुहूर्तही टळायला आला होता. संगणकातल्या मामांनी हंगामात एकोणसाठ चेंडू सोडले. नाइलाजाने त्यांना खालच्या लीगमध्ये पाठवावे लागले. ही बातमी केडगावला कुणी पोचवली हे अर्जदार विचारत नाही, कारण आपला फोन त्या दिवशी सारखा बिझी लागत होता. मामा अर्जदारास म्हणाले, "तवा आठवा टाकला, आता खालीच टाकला व्हय रं? तुझ्या घरचं पाणी न्हाई पिणार." बेसबॉल म्हणजे काय, हे मामांनी अद्याप विचारलेले नाही.

५. कोणी म्हणेल अर्जदार नुसता रडतो, म्हणून यशही नमूद करतो. नवव्या फेरीत घेतलेले अर्जदाराचे आजोबा कै. हौसराव यांनी एकोणीस सामने जिंकून दिले. हयातीत त्यांनी दगड मारून कधी चिंच पाडली नाही. आजी सखूबाई आता रोज सकाळी विचारते, "आज ह्यांचा सामना हाय का?" आणि जिंकले की देवापुढे साखर ठेवते. आजीला खरे काय ते सांगण्याची हिंमत घरात कुणालाही नाही, अर्जदारास तर मुळीच नाही.

६. आता मूळ दुखणे. सौ. सुलक्षणा ही अर्जदाराची पत्नी, माहेर राहू, ता. दौंड. पत्रिकेत तिचे नाव मधोमध, सोनेरी शाईत, सर्वांत मोठ्या टायपात. ड्राफ्टच्या यादीत ‘चि. सौ. कां. सुलक्षणा’ ही फर्स्ट बेस म्हणून आली. अर्जदार पडला क्वालिटीवाला. प्रत्येक खेळाडू तपासून कागदावर शेरा मारल्याशिवाय त्याला घास गिळत नाही. त्याने लिहिले : "सुलक्षणा. वेग कमी. हात आखडता. सुधारण्याची शक्यता नाही. रिजेक्ट." हा कागद डब्याच्या पिशवीत राहिला. डबा कोण घासते, हे आयुक्तांना सांगायला नको.

त्याच आठवड्यात ती स्कूटी शिकत होती व दोनदा पडूनही शिकत होती, हेही येथे नमूद करणे अर्जदारास भाग आहे.

अर्जदाराने खुलासा केला की शेरा खेळाडूवर आहे, बायकोवर नाही. ती म्हणाली, "नाव कुणाचं हाय?" खुलासा तेथेच संपला. मग तिने विचारले की पहिल्या फेरीत कोणाला घेतले. अर्जदार खरे बोलला, आणि आयुष्यात खरे बोलण्याची वेळ कशी निवडू नये याचा तो नमुना ठरला. ती म्हणाली, "म्हंजी मुहूर्त घेतला आन् नवरी ठिवली. मग ऱ्हावा मुहूर्तासंगं." चौथ्या फेरीच्या दिवशी सकाळी ती राहूला गेली. स्कूटीवर गेली. एकटी. वेग कमी असलेली बाई जेवणाच्या आधी माहेरी पोचली होती.

७. राहू संघाचा मालक हा तिचा धाकटा भाऊ पप्पू. त्याने त्याच दिवशी चौथ्या फेरीत तिला घेतले. आकडे पाहिले नाहीत, तारे पाहिले नाहीत. "बहीण हाय, ती कशी सोडू?" एवढाच त्याचा अभ्यास. त्या अभ्यासावर ती यंदा सत्तेचाळीस होमरन (आपल्याकडचे षटकार) मारून लीगमध्ये पहिली आली. अर्जदाराने अभ्यास करून निवडलेले पहिले पाच खेळाडू मिळून अकरा. सर्वांत लांबचा होमरन तिने कै. हौसरावांच्या चेंडूवर मारला. सणसवाडी संघ हरला, तरी सखूबाईने त्या दिवशीही साखर ठेवली. म्हणाली, "सून बी आपलीच हाय की." मग अर्जदाराकडे पाहून म्हणाली, "कवा आणतो तिला?"

८. अर्जदाराने हातपाय हलवले नाहीत असे नाही. सुलक्षणाच्या बदल्यात त्याने राहू संघाला प्रथम मुहूर्त देऊ केला, मग मुहूर्त अधिक गणेश प्रसन्न, शेवटी आजोबा सोडून आख्खा संघ. पप्पूचे उत्तर एकच : "दाजी, माझ्या हातात काय न्हाई. ताईला विचारा." ताई फोन उचलत नाही. आयुक्त "बघू" म्हणतात. बावीस तारखेला पाडवा आहे. लग्नानंतरचे दोन्ही पाडवे अर्जदार पाटावर बसला, तिने ओवाळले. यंदा पाट आहे, तबक आहे, अर्जदारही आंघोळ करून तयार असेल. साहेब, घर खायला उठते. रोज एका माणसाचा स्वयंपाक जादा होतो, कारण अंदाजच चुकतो. चार महिने झाले तरी चुकतो.

सबब विनंती की, अ) वरील अदलाबदल मंजूर व्हावी, ब) पहिल्या फेरीतील ‘गोरज मुहूर्त’ ही निवड रद्द करून तेथे ‘सुलक्षणा’ अशी नोंद पूर्वलक्षी प्रभावाने करावी, क) हे संगणकात बसत नसल्यास संगणक बदलावा.

९. अर्ज येथवर टाइप करून झाला, तेव्हा सहपत्र म्हणून ड्राफ्टची पूर्ण यादी आपल्याकडूनच छापून घेतली. अर्जदाराने आजवर तीत फक्त स्वतःच्या निवडी पाहिल्या होत्या. पत्रिकेत नवरी होती तसा नवरदेवही होता, हे त्यास ठाऊक होते. परंतु स्वतःच स्वतःला घ्यायला लाज वाटली, व दुसऱ्या कुणी घेतले असेल असे मनातही आले नाही. यादीतील तीनशेवी, शेवटची ओळ अशी : "फेरी २५. राहू. चि. विश्वजीत. राखीव."

अर्जदाराने आपल्या दुकानातूनच पप्पूला फोन लावला. तो म्हणाला, "म्या न्हाई घेतलं, दाजी. शेवटच्या फेरीला ताईनंच बटण दाबलं. म्हनली, आसू दे, बाहेर कुठं ऱ्हात्याल." म्हणजे अर्जदार हंगामभर राहूच्या बाकावर बसून आहे आणि अर्जदारालाच पत्ता नाही!

पुढे हेही दिसले की, नव्या हंगामासाठी प्रत्येक संघाने वीस खेळाडू ठेवून पाच सोडायचे होते. राहू संघाने यादी कालच, हाताने लिहून, आपल्या दुकानात दाखल केली आहे. विसावे नाव अर्जदाराचे. समोर शेऱ्याच्या रकान्यात, अर्जदाराच्या ओळखीच्या अक्षरात, असे आहे : "वेग बेताचा. अक्कल उशिरा येती. सुधारण्याची शक्यता हाय. ठेवा."

१०. तरी वरील विषय रद्द समजावा. कलम ८ मधील अ, ब, क या तिन्ही मागण्या अर्जदार मागे घेत आहे. अर्जदारास आहे त्या संघात, आहे त्या क्रमांकावर राहू द्यावे, ही विनंती. मुहूर्त ज्यास हवा त्यास द्यावा. अर्जदार रविवारी सकाळी राहू येथे समक्ष हजर होत आहे.

आपला नम्र, व राहू संघाचा राखीव खेळाडू,
(सही)
विश्वजीत बबन फराटे
दि. १४ ऑक्टोबर २०२५, शिरूर

सोबत :
१) लग्नपत्रिका, एक प्रत. मामांचे नाव पेनाने पहिले केले आहे.
२) ड्राफ्टची पूर्ण यादी. शेवटचे पान अर्जदाराने ठेवून घेतले आहे, ते परत मिळणार नाही.
३) "रिजेक्ट" शेऱ्याचा कागद : मूळ प्रत राहू येथे सौ. सुलक्षणाकडे आहे. रविवारी मिळाल्यास फाडण्यात येईल, न मिळाल्यास जन्मभर ऐकण्यात येईल.