आवाज एकच पाहिजे

२ जानेवारी २००९
आजपासून कादंबरी. विषय: आमच्या गावचा तलाव, माझ्या आजोबांनी बांधलेला. सहलेखक बुद्धभूषण मेश्राम. माझा जुना विद्यार्थी, सध्या गोंदिया-कोहमारा गाडीवर कंडक्टर. त्याची आजी धुरपताबाई तलावाच्या कामावर माती वाहायला होती, म्हणून त्याला घेतला. विषम प्रकरणं माझी, सम त्याची. अट एकच: वाचकाला दोन हात दिसता कामा नयेत. आवाज एकच पाहिजे. कोणाचा, ते ठरवत बसलो नाही. तीस वर्षं मराठी शिकवतोय, तेवढं त्याला समजतं.

९ जानेवारी
पहिलं वाक्य झालं. ‘पूर्व क्षितिजावर केशरी आभा पसरत होती.’ सुरुवात झाली म्हणजे अर्धं काम झालं. रोज चार पानं. एप्रिलमध्ये संपवायचं.

२५ जानेवारी
‘पसरत होती’ की ‘पसरली होती’? पंधरा दिवस यात गेले. घाई नको.
बुद्धभूषण दुसरं प्रकरण देऊन गेला. बावीस पानं. कोहमाऱ्याला गाडी थांबते तेवढ्या वेळात लिहिलेली, वाचूनच कळतं. सगळं आजीच्या तोंडून. ‘मी माती वाहून राहिली होती. पोटात कळ आली तं पारीखाली जाऊन बसली.’ तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाखालीच बाळंत झाली, बुद्धभूषणचा बाप जन्मला, अन् दुपारी परत पाटी डोक्यावर. पुढे तलाव भरल्यावर ह्या लोकांना पाण्याला हात लावू देत नव्हते, माझे आजोबा वरून ओंजळीत ओतायचे, असंही लिहिलंय.
कच्चा माल बरा आहे. आवाज नाही. आधी झेरॉक्स काढून ठेवली, मग लाल पेन काढला.

१ फेब्रुवारी
दुसरं प्रकरण सुधारलं. ‘मृत्तिकाभार वाहताना माझ्या उदरी वेदनेची लहर उमटली.’ बाळंतपण काढलं, घरातल्या बायकाही वाचणार. पाण्याच्या जागी: ‘मालकांनी मला स्वहस्ते पाणी पाजले.’ प्रसंग तोच, भाव उंचावला. बावीसची नऊ पानं झाली. माझं पहिलं प्रकरण अजून दीड पान आहे, पण ते घट्ट आहे.

१५ फेब्रुवारी
बुद्धभूषणनं सुधारलेलं प्रकरण आजीला वाचून दाखवलं. नव्वदीची आहे, डोळे गेले, कान शाबूत. सगळं ऐकून म्हणाली म्हणे, ‘बाई चांगली बोलते. कोनच्या गावची होय?’
हे सांगताना तो हसला नाही. मी म्हटलं, बघ, पात्र उभं राहिलं.

८ मार्च
बुद्धभूषण आला, बसला नाही. ‘सर, पानी पाजलं काऊन लिवलं? तिनं तं असं सांगितलं नाही.’ समजावलं की साहित्यात सुसंगती महत्त्वाची. आजोबा मनाने मोठे होते. त्यांना तेव्हा सुचलं नसेल, मी सुचवतोय. तो बराच वेळ वही चाळत राहिला. मग म्हणाला, ‘आवाज एकच पाहिजे ना सर? मंग एकानंच लिवलं तं बरं.’
एवढा विश्वास. वह्या घेऊन गेला. बहुतेक फेअर करायला.

२ मे
सुट्ट्या लागल्या. आता खरं लेखन. बायकोला, रुख्माला, पहिलं प्रकरण वाच म्हटलं. तिला तांदूळ निवडायचे होते. कूलर बिघडलाय.

१४ जून
पहिलं प्रकरण पूर्ण, सात पानं. नागपूरच्या एका प्रकाशकाला नमुना पाठवला. दुसऱ्या प्रकरणाची सुधारलेली प्रत बुद्धभूषणकडे, म्हणून कच्च्याची झेरॉक्सच जोडली. सोबत टीप: ‘दुसऱ्या प्रकरणावर अद्याप संस्कार व्हायचे आहेत, क्षमस्व.’ नियमाप्रमाणे दोघांचे पत्ते दिले.

२० जुलै
प्रकाशकाचं उत्तर. ‘दुसऱ्या प्रकरणाच्या लेखकाने पुढचे जरूर पाठवावे. पहिले वगळता येईल का?’
अर्थ उघड आहे. पहिलं आजच्या वाचकाला झेपणार नाही. बुद्धभूषणला सांगणार नाही, डोक्यात हवा जायची. खाली लिहिलंय की एक प्रत त्यालाही पाठवली आहे. पण कंडक्टर लोकांना टपाल वाचायला वेळ कुठे.

११ सप्टेंबर
गाडीत भेटला. तिसऱ्या प्रकरणाबद्दल विचारलं. ‘सर, मागं जागा आहे,’ एवढंच बोलला. माझी शैली पचवतोय. वेळ लागतो.

३ नोव्हेंबर
धुरपताबाई गेली. शोकसभेला गेलो, सुधारलेल्या प्रकरणाचं टिपण सोबत नेलं. लोक आपापल्या आठवणी सांगत होते, फारच विस्कळीत. मी उभा राहून वाचायला लागलो. ‘स्वहस्ते पाणी पाजले’पर्यंत आलो तेव्हा तिची सून, बुद्धभूषणची आई पार्वताबाई, उठली. माझ्या हातून कागद घेतले, नीट घडी घातली, माझ्या खिशात ठेवले. म्हणाली, ‘गुरुजी, चहा घ्या अन् जा.’
दुःखाच्या घरीही पाहुणचार चुकत नाही. चहा गोड होता.

१६ जानेवारी २०११
कादंबरीचं प्रकाशन, गोंदियाला. मला पेपरात वाचून कळलं, निमंत्रण टपालात गहाळ झालं असावं. सहलेखकाचं मनोगत म्हणून चौदा पानं लिहून नेली. दाराजवळ खुर्ची मिळाली. मुखपृष्ठावर एकच नाव, छपाईची चूक म्हणावी तर आतही एकच. सूत्रसंचालकाला दोनदा चिठ्ठी पाठवली. दुसऱ्या वेळी त्यानं हसून नमस्कार केला. शेवटी रांगेत उभा राहून पुस्तक घेतलं. बुद्धभूषण उठून उभा राहिला, जयभीम म्हणाला, सही केली. ‘कापगते सरांना.’ खाली अर्धं पान कोरं होतं.

१९ जानेवारी
रुख्मानं दोन दिवसांत पुस्तक संपवलं. काल भाजी करपली तरी उठली नाही. मी उघडलेलं नाही, शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या की त्रास होतो. आजोबांचं काय लिहिलंय विचारलं. म्हणाली, ‘सगळंच लिवलं आहे. नाव तेवढं बदलवलं.’
मला संताप आला. तलाव त्यांनी बांधला, गावाला माहीत आहे, नाव पाहिजेच. म्हटलं, आजच प्रकाशकाला पत्र लिहितो, दुसऱ्या आवृत्तीत खरं नाव टाका म्हणून.
ती म्हणाली, ‘त्यानं आपल्यासाठी बदलवलं जी. आपल्याले याच गावात राहा लागते.’
कागद काढला होता. परत ठेवला.