कच्ची तोडलेली सीताफळं

१८ सप्टें., गुरुवार
औंढ्याहून जीप वेळेवर मिळाली, हेच नवल. वाडीवर बायांच्या बचत गटाच्या खोलीत सीताफळाचा गर काढायचं मशीन बसलं. फ्रीझरही गार पडतोय. आता बायांना फळ घेऊन रस्त्यावर बसायला नको, मिळेल त्या भावात द्यायला नको. संस्थेच्या ऑफिसातून सरांचा फोन : मशीनला पैसे देणारे पाहुणे पंचवीसला येणार, त्यांच्यासमोर गर निघाला पाहिजे. डोंगरावर फळ भरपूर, पण हिरवंकच्च. गयाबाई म्हणाल्या, "अजून डोळे न्हाई उघडले, ताई. पंधरा-वीस दिस थांबा."
आंध आदिवासींच्या या वाडीत फळाच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावून पांढुरक्या दिसल्या की गयाबाई पहिलं फळ तोडतात. मग बाकीच्या. तोवर कुणी हात लावत नाही.
मी म्हटलं, बघू.

२० सप्टें., शनि.
मीटिंग घेतली. म्हटलं, आत्ताच तोडू, गवतात आढी लावू, पाच दिवसांत मऊ होतील. हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. आंब्याचं होतं म्हणजे सीताफळाचंही होणार, एवढंच माझं शास्त्र. बाया गयाबाईंकडं बघायला लागल्या. शेवटी गयाबाई, "तुमी शिकलेल्या. तुमी म्हणता तर तोडतो."
मला वाटलं, मी पटवून दिलं. संध्याकाळपर्यंत वाडीकडची अख्खी उतरण रिकामी झाली.

२५ सप्टें.
फळं काळी पडली. दगड नुसते. पाहुण्यांसमोर मशीन रिकामंच फिरवून दाखवलं, फोटो काढले. ते गेल्यावर खड्डा खणून सगळं पुरलं. वर्षाचा निम्मा माल. गयाबाई फावड्यानं माती ओढत होत्या. साठी उलटलीय त्यांची. मला कुणीच काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ सप्टें.
अहवाल दिला. त्यात 'नुकसानीचे कारण' असा रकाना. लिहिलं : महिलांनी अज्ञानापोटी अपरिपक्व फळांची तोडणी केली. गट अजून तयार नाही, प्रशिक्षणाची गरज.
लिहिताना हात अडखळला पण नाही. नंतर चहा घेतला. बिस्किट बुडवून.
आई आमच्या हट्टा गावात जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली. तिला कुणी अडाणी म्हटलं की मी भांडायला उठायचे. आज तोच शब्द जरा इस्त्री करून मी गयाबाईंना

पुढं लिहवत नाही.

६ ऑक्टो., सोम.
प्रशिक्षण मंजूर झालं आणि पारही पडलं. एक साहेब आले होते, सीताफळ केव्हा तोडावं हे गयाबाईंना शिकवायला. मीच गुलाब देऊन स्वागत केलं. पडद्यावर डोळे उघडलेल्या फळाचं चित्र. मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेब म्हणाले, "एवढं साधं आहे, मग कच्ची का तोडलीत?"
मी वहीत बघत बसले. वहीत काहीच नव्हतं.
गयाबाई उठल्या. "चुकलं, साहेब. आमालाच घाई झाली."
माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला झाकायला बोलल्या. आणि मी झाकून घेतलं. एवढी लाज मला अजून कधी वाटली नव्हती.

९ ऑक्टो.
सर म्हणतात, सोमवारी मशीन खालच्या गावातल्या गटाकडं हलवायचं. "तुमच्याच अहवालात आहे ना, हा गट तयार नाही म्हणून."
म्हटलं, सर, तोडा असं मी सांगितलं होतं.
"ते आता लेखी नको. अहवाल वर गेलाय. तुमचं कंत्राट मार्चलाच संपतं ना?"
मी हो सर म्हटलं. कशाला हो म्हटलं, माझं मला माहीत.

११ ऑक्टो., शनि.
मागच्या दरीतल्या झाडांवर डोळे उघडले. ती लांब म्हणून वाचली होती. गयाबाईंनी पहिलं फळ तोडलं आणि माझ्या हातात ठेवलं. मग म्हणाल्या, "परवा मशीन नेतेत म्हणं?"
हो म्हटलं.
"गर तर आता निघतो. मंग काहून नेऊन राहिले? त्या कागदात आमचं काय लिवलंय, तेवढं वाचून दाखवा."
मी म्हटलं, फाईल ऑफिसात राहिली.
फाईल खांद्यावरच्या पिशवीत होती. पिवळा कोपरा बाहेर आलेला. त्यांनी पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"बरं. उद्या घिऊन या."

१२ ऑक्टो., रवि.
औंढ्याच्या स्टँडवर बसून लिहितेय. नऊची जीप सोडली, गर्दी होती. साडेदहाची सोडली, तिला गर्दी नव्हती.
फाईलमधल्या प्रतीवर त्या रकान्याखाली पेनानं लिहिलं : तोडा असं मी सांगितलं. गयाबाई नको म्हणाल्या होत्या. सही अजून केलेली नाही. सही केली तर हा कागद उद्या सरांच्या टेबलावर ठेवावा लागेल. नाही केली तर गयाबाईंना काय वाचून दाखवू?
कालचं फळ मऊ झालंय. पिशवीत चेंगरेल म्हणून हातातच धरलंय.
एकची जीप लागली. ड्रायव्हर दोनदा हाक मारून गेला. आता खिडकीतून डोकं काढून विचारतोय, "ताई, येऊन राहिल्या का न्हाई?"