घरच्या पत्त्यावर

३ जानेवारी
चि. चिंगीस, अनेक आशीर्वाद.
आपल्या घरातल्या पहिल्या पदवीचा फोटो मी दुकानात शिलाई मशीनच्या वर चिकटवलाय. मालकीणबाई म्हणतात, मुलगी हुशार दिसते, पण पदवीच्या झग्याची शिवण तिरकी आहे.
यापुढे पत्र दुकानाच्याच पत्त्यावर घाल. घरी आलेलं प्रत्येक पत्र मामंजी जेवणानंतर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात, आणि हे तिथे वाचलं जायला नको. लग्नाला वर्ष झालं, पण आमचा संबंध अजून होऊ शकलेला नाही. मला नको असतं असं नाही गं. हे जवळ आले की अंग आपोआप आवळतं, मध्ये भिंत असल्यासारखं, आणि आग होते. हे बिचारे थांबतात. मी जावेपाशी बोलून बसले आणि तिने सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणतात, मुलगी हट्टी तरी आहे, नाहीतर खोट आहे. उन्हाळ्यापर्यंत बघू, मग माहेरी पोचवू. खोट असेल का गं?
तुझी ताई

११ जानेवारी
ती. ताईस, शि. सा. न.
खोट नाही. बाकीचं नंतर वाच, आधी हे दोनदा वाच.
मी इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना सरळ जाऊन विचारलं. हाकलतील असं वाटलं होतं, त्यांनी खुर्ची ओढून दिली. याला व्हजायनिस्मस म्हणतात. दुखेल या धास्तीने योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळतात, डोळ्याजवळ बोट आलं की पापणी मिटते तसे. पापणीला कोणी हट्टी म्हणत नाही. अनेकींना होतं, आणि उपचाराने बरं होतं. तुमच्या गावातल्या त्यांच्या मैत्रिणीचा पत्ता सोबत आहे, त्याही डॉक्टर आहेत. भाऊजींना घेऊन जा.
सासूबाईंसाठी खरमरीत पत्र लिहून तयार आहे. धाडू का?
लोभ कमी केलास तर तिथे येऊन भांडेन.
तुझी चिंगी

२० मार्च
चि. चिंगीस, अनेक आशीर्वाद.
जातोय आम्ही. डॉक्टरबाईंनी आधी नुसतं ऐकून घेतलं. मी हो म्हटल्यावरच तपासलं. श्वासाबरोबर ते स्नायू सैल सोडायचा व्यायाम शिकवला. आता आत घालून हळूहळू सवय करायला गुळगुळीत नळ्या दिल्यात, पहिली करंगळीहून बारीक, मग जरा जाड. मीच, माझ्या हाताने घालायची, दुखलं की थांबायचं. दुकानात दोरा फार ताणला गेला की कापडाला चुण्या पडतात. तेव्हा आपण कापडाला शिव्या देत नाही, मशीनचा ताण सैल करतो. एवढं साधं मला स्वतःबद्दल कधी सुचलं नाही.
पण काल सासूबाईंनी माझ्यादेखत ह्यांच्यासाठी दुसरं स्थळ काढलं. हे ताटावरून उठले. मी बसून राहिले, पोटभर जेवले आणि ठरवलं. ते खरमरीत पत्र फाड. त्याऐवजी हा त्रास काय असतो ते नीट लिही, अवयवांची नावं न गाळता. आणि या वेळी घरच्या पत्त्यावर घाल.
तुझी ताई

२८ मार्च
ती. ताईस आणि ऐकत बसलेल्या सर्वांस, सा. न.
मामंजी, पुढे योनी हा शब्द येणार आहे. अडखळलात तर पत्र ताईच्या हातात द्या, पण बाजूला ठेवू नका. सांगायचं आहे ते असं...

६ एप्रिल
चि. चिंगीस, अनेक आशीर्वाद.
मामंजी अडखळले, चष्मा पुसत बसले. मी पत्र हातातून घेतलं आणि उभी राहून शेवटपर्यंत वाचलं. शब्द एकही गाळला नाही. जाऊ उठायला लागली तर सासूबाईंनीच तिचा हात धरून खाली बसवलं. मग मीच म्हटलं, उन्हाळ्यात मी इथेच आहे, आणि बरं व्हायला किती वेळ लागेल ते माझं अंग ठरवेल. हे शेजारी येऊन उभे राहिले.
तिसरी नळी चालू आहे. माया आहे तशी ठेव, आणि पत्र घरीच घाल. माझ्या नावाचं पाकीट आता मीच फोडते. वाचून दाखवायचं की नाही, तेही मीच ठरवते.
तुझी ताई