शून्य वीज, स्लाइड नंबर सात

२ नोव्हेंबर, सकाळी ६.४०
आजपासून रोज पाचला उठायचं. (आज साडेसहा. पहिलाच दिवस.)
बिनपगारी रजेचे सतरा दिवस उरले. सोमवारी, १९ तारखेला ऑफिसात हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा. साहेबांनी बजावलंय की नंतर खुर्ची दुसऱ्याला देणार. देऊ देत. वाहतुकीत फुटलेल्या मालाचे विम्याचे क्लेम तपासायला माझा जन्म नाही.
पॅकिंगच्या थर्मोकोलचे दिवस भरले. माझे खोके: लाकडाचा भुसा, त्यात अळंबीचं बियाणं, सहा दिवस साच्यात. बुरशी भुशाला घट्ट धरते. वापरून झाला की खोका मातीत.

४ नोव्हेंबर
हिच्याशी वाद. हिचा केक-बिस्किटांचा घरगुती धंदा, म्हणून ओव्हन या विषयात ही स्वतःला शास्त्रज्ञ समजते. म्हणाली की खोके भाजून घ्या, नाहीतर बुरशी जिवंत राहील. (पुस्तकातही तेच आहे. पण पुस्तकवाल्याने कुठे स्टार्टअप काढलंय?) मी तिला स्लाइड नंबर सात दाखवली: ‘शून्य वीज’. अख्खं प्रेझेंटेशन त्यावर उभं आहे. ही म्हणाली की बिस्किटं काढल्यावर ओव्हन तसाही तापलेला असतो. तत्त्वाचा प्रश्न आहे, असं सांगून मी बाहेर पडलो. बाहेर काही काम नव्हतं.

८ नोव्हेंबर
गुंतवणूकदार बाईंना नमुना रवाना. आत हिची काचेची फुलदाणी. हिला विचारायचं राहिलं. बाई फोनवर ‘इंटरेस्टिंग’ म्हणाल्या. दोनदा! १६ तारखेला निर्णय.
खोके किंचित ओलसर लागतात. ताजेपणा.

९ नोव्हेंबर
राजीनामा लिहिला. ईमेल करणार होतो, पण ईमेलला वजन नसतं. माझ्याच खोक्यात घातला, फटी ओल्या भुशाने बुजवल्या, कुरिअरला दिला. साहेबांना कळू दे कोणाला गमावलं ते.
हिला १६ तारखेला दोन्ही बातम्या एकदम.

१३ नोव्हेंबर
कपाटातले तीन खोके एकमेकांना चिकटलेत. मुलगी म्हणाली की बाबा, एका खोक्याला कान फुटलेत. मी म्हणालो, हा प्रॉडक्टचा पुढचा टप्पा. कपाटाला कडी घातली.
ऑफिसातून चकार शब्द नाही. साहेबांना धक्का बसला असणार.

१६ नोव्हेंबर, सकाळी ११
फोन समोर ठेवून बसलोय.

११.२०
वाजला. केकची ऑर्डर.

दुपारी ४.०५
बाईंचा फोन. फुलदाणी खोक्यातून निघेना. हातोडी लावली. खोका तसाच, फुलदाणी फुटली. टेबलावर अळंब्या. भाजण्याची पायरी का गाळली, असं विचारलं. मी म्हणालो, स्लाइड सात. मग म्हणाल्या की एका स्लाइडसाठी जो माल कच्चा ठेवतो, त्याच्यावर पैसे लावता येत नाहीत.

संध्याकाळी
हिला सगळं सांगितलं, राजीनाम्यासकट. (फुलदाणी सोडून.) ओरडली असती तर बरं झालं असतं. पुसलेला ट्रे परत पुसत राहिली. मग म्हणाली की मुलीला इतक्यात सांगू नका.
मला भीती वाटतेय.

१७ नोव्हेंबर
साहेबांचा फोन. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. ते आठवडाभर दौऱ्यावर होते. आज येऊन बघतात तर टेबलावरच्या पार्सलवर अळंब्यांचा गुच्छ. शिपायाने चाकूने कापलं. आत नुसता लगदा, एक अक्षर लागेना. काय पाठवलं होतं, असं विचारलं. मी म्हणालो, शुभेच्छा. सोमवारी हजर ना, असं विचारलं. मी म्हणालो, हजर.
हिला सांगितलं तर ही हसत हसत ओव्हनला टेकून खालीच बसली. मग रडली. मीही.

१८ नोव्हेंबर
विचार केला तर हे यशच आहे. खोक्याने आठ दिवसांत कागद फस्त केला. गुप्त कागदपत्रं नष्ट करण्याचा धंदा! नवीन स्लाइड करायची.
फुलदाणी कुठे गेली, असं हिने विचारलं. उद्या सांगतो म्हणालो.

१९ नोव्हेंबर, सकाळी १०.१५, ऑफिस
हजर. खुर्ची तीच, करकर तीच.
पहिली फाइल उघडली. काचेच्या वस्तू, वाहतुकीत फूट. कारण: सदोष पॅकिंग. पाठवणाऱ्याने तीन पानं भरून लिहिलंय की पॅकिंग उत्तम होतं, घेणाऱ्यांनाच उघडता आलं नाही.
तीनही पानं नीट वाचली. मग ‘नामंजूर’ लिहून सही केली.